आमच्याकडे उंदीर नाहीत

११ जुलै

गाडीची पहिली मोफत सर्व्हिसिंग करून आणली. जळगावच्या शोरूममध्ये काचेच्या हॉलात बसवतात, कॉफी विचारतात. मी घेतली नाही, पण विचारतात हे बरं वाटतं. माझ्या गाडीचं सगळं सबा नावाची मुलगी बघते. जळगावचीच आहे, तिशीच्या आतली, कामाला चोख. काका काका करत तिने कागद समजावले. मी एकच विचारलं, "बेटा, वॉरंटी किती?" म्हणाली, तीन वर्षं. म्हटलं, "म्हणजे तीन वर्षं प्रकाशचंद पाय पसरून झोपणार."

ती हसली. मग विचारलं, गाडी कुठे लावता? सांगितलं, धरणगावला दुकानाच्या मागे, गोदामाला लागून. भुसाराचं दुकान आहे म्हटल्यावर तिचा चेहरा जरा बदलला. "काका, मग उंदरांचं बघा. पावसाळ्यात बॉनेटमध्ये शिरतात. त्यांनी वायरी कुरतडल्या तर ते वॉरंटीत बसत नाही."

वडिलांच्या काळापासून धान्यात लोळलेल्या माणसाला ही पोर उंदीर शिकवते! मी म्हटलं, "आमच्याकडे उंदीर नाहीत." तिने मान डोलावली आणि तरीही कागदावर काहीतरी लिहून माझी सही घेतली.

१३ जुलै

आज धुळ्याला जाऊन आलो. ज्यासाठी गाडी घेतली ते पहिल्यांदा झालं, म्हणून लिहून ठेवतो. गुलाबबाईची धाकटी बहीण दीक्षा घेऊन साध्वी झाली त्याला आता जमाना झाला. तेव्हापासून ती आमची मेहुणी नाही, प्रज्ञाजी महाराजसाहेब आहे. आठ महिने पायी फिरायचं, चातुर्मासाचे चार महिने तेवढे एका गावी थांबायचं. यंदा धुळ्याला जैन स्थानकात आहेत. पुढच्या वर्षी कर्नाटकात असतील की राजस्थानात, कोण सांगणार. गुलाबबाईची कंबर बसमध्ये टिकत नाही. म्हणून या वयात मी गाडी चालवायला शिकलो आणि नवी घेतली. लोक म्हणाले, शेठला म्हातारचळ लागला. लागू दे.

दोघी बहिणी समोरासमोर बसल्या. बोलल्या फार थोडं. निघताना आशीर्वादाचं मांगलिक ऐकलं. पारोळ्यापर्यंत गुलाबबाई खिडकीबाहेर बघत होती, मग म्हणाली, "दर रविवारी आणाल?" मी म्हटलं, दर रविवारी.

१६ जुलै

आज डोकं फिरलं. गोदामातले उंदीर आम्ही मारत नाही. वडिलांनी कधी विष ठेवलं नाही, मीही ठेवत नाही. पिंजरा लावायचा, सापडला की गावाबाहेर जिवंत सोडून यायचा. हे काम धनसिंगचं. तो आमच्याकडे हमाली करतो, वर्षानुवर्षं. सायकलला पिंजरा अडकवून नाल्यापलीकडे सोडून यायचा. परवा तिथल्या कापूसवाल्याने त्याला पकडलं. "तुमना उंदीर, आम्हना वावरम्हा?" म्हणून शिव्या दिल्या. त्याचंही खरं आहे म्हणा.

म्हणून आज मी पिंजरा गाडीच्या डिकीत ठेवला, वर पोतं टाकलं, धनसिंगला बरोबर घेतलं आणि एरंडोलच्या वाटेला पडीक जमिनीवर गेलो. ना शेत ना घर. जीवदया करायची तर नीट करावी. पोतं उचललं तर धनसिंग ओरडला, "शेठ, पिंजरा ते रिकामा शे!"

मी म्हटलं, तू दुकानातच पिंजऱ्याचं दार नीट लावलं नसशील. तो म्हणाला, "सकायले मी सोता देखा ना, आठेच व्हता." मग वाकून सीटखाली बघायला लागला, चिखलाच्या पायांनी. नवं मॅट! मी त्याला बाहेर काढलं. उंदीर दुकानातच निसटला असणार, उद्या परत सापडेल. पेट्रोल मात्र फुकट गेलं.

२० जुलै

धुळे. वाटेत गुलाबबाई म्हणाली, डॅशबोर्डमध्ये काहीतरी खुडबुडतंय. नव्या गाडीचं प्लास्टिक उन्हा-पावसात बसतं, आवाज करतं. तिला ते पटलं नाही, पण ती गप्प बसली.

समोरच्या कप्प्यात सून मुस्कानने खाकऱ्याचं पाकीट ठेवलं होतं. फाटलेलं निघालं, अर्धा खाकरा चुरा. हल्लीच्या मुलींना पाकीट बांधतासुद्धा येत नाही. त्याच कप्प्यात गुलाबबाईने सामायिकाला बसताना लागणारी मुँहपत्ती घडी करून ठेवली होती, ती सापडेना. स्थानकात बसायचं तर तोंडावर ती पांढरी पट्टी हवीच. शेवटी तिथल्या एका बाईची मागून घेतली. हरवलेली गुलाबबाईने स्वतः शिवली होती, कडेला निळा टाका घालून. परत येईपर्यंत शोधत होती. मी म्हटलं, घरी राहिली असेल.

३ ऑगस्ट

आज धुळ्याला पोहोचलोच नाही.

पारोळ्याच्या पुढे गाडी चालता चालता मेली. आधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले, मग स्टिअरिंग दगडासारखं झालं, आणि मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत अगदी काचेला घासून गेला. गुलाबबाईने माझं मनगट धरलं ते सोडेचना. कशीबशी कडेला घेतली. अडीच महिन्यांची गाडी! घेतली त्या दिवशी शोरूमने बांधलेली लाल फीत अजून चकाकतेय!

शोरूमच्या नंबरवर फोन केला. त्यांची ओढून नेणारी गाडी यायला दुपार टळली. गुलाबबाई तोवर एका ढाब्याच्या खाटेवर बसून होती. धुळे तिथून हाकेवर, पण जाता आलं नाही. ती म्हणाली, "ती वाट बघत असेल." मग लगेच म्हणाली, "नाही, साध्वी वाट बघत नसते."

वॉरंटी आहे. फुकट करून देतील. पण मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

५ ऑगस्ट

सबाचा फोन आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणते, "काका, वायरी उंदराने कुरतडल्या आहेत. मुख्य वायरिंगच बदलावं लागेल. वॉरंटीत बसत नाही." वर फोनवर फोटो पाठवला. कुरतडलेल्या वायरी, आत तांबं दिसतंय.

मी म्हटलं, "अहो, उंदीर? आमच्याकडे?" आवाज चढला असेल, दुकानात गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. म्हटलं, "आमच्याकडे उंदीर नाहीत. एक सापडला तरी आम्ही ठेवत नाही. मारतही नाही. मी स्वतः गाडीत घालून एरंडोलच्या वाटेला सोडायला जातो, इतकी काळजी घेतो!"

मला वाटलं फोन कटला. मग तिने हळूच विचारलं, "कोणत्या गाडीतून, काका?"

"याच! दुसरी आहे कुठे?"

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "काका, तुम्ही एकदा काकूंना घेऊन या. समोरासमोर बोलू."

समोरासमोर काय बोलायचं? मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. गाडी तुमची वाईट आणि नाव उंदराचं. फोन ठेवून दिला. बिचारी निरुत्तर झाली होती हे मात्र खरं.

८ ऑगस्ट

जळगावला जाऊन आलो, बसने. गुलाबबाई हट्टाने बरोबर आली. अर्ध्या वाटेपासून पुढे उभीच राहिली, बसलं की कंबर जास्त दुखते म्हणाली.

वर्कशॉपमध्ये बॉनेट उघडं. सबाने टॉर्च मारला. वायरींच्या बेचक्यात घरटं होतं. खरंच घरटं. पोत्याचे धागे, प्लास्टिकचे तुकडे, कसला तरी चुरा, पांढऱ्या कापडाच्या चिंध्या. या गाडीत आम्ही देवाधर्माला जात होतो! सबा म्हणाली, "काका, एक दिवसात होत नाही हे. आठ-पंधरा दिवस आत राहिला असणार."

मी म्हटलं, "राहिला असेल, पण कुणाचा? तुमच्या वर्कशॉपचा! सर्व्हिसिंगला तुमच्याकडे गाडी दिवसभर उघडी होती. आमचं सोडा, आम्ही उंदीर ओळखतो." चार गिऱ्हाइकं जमली. मी सगळ्यांना सांगितलं, ही तीन वर्षांची वॉरंटी बघा, नाव मोठं लक्षण खोटं. सबा लाल झाली, पण आवाज चढवला नाही. मला वाटत होतं, आता ती उलट काहीतरी बोलेल. ती फक्त गुलाबबाईकडे बघत होती.

गुलाबबाईने हात घालून त्यातली एक चिंधी उचलली. बराच वेळ धरून उभी होती. मग पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, घाण कशाला घेतेस? काही बोलली नाही. परतीच्या बसमध्येही नाही. कंबर फारच दुखत असणार.

११ ऑगस्ट

सरळ बोटाने तूप निघत नाही, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. शोरूमचा मालक रोनक म्हणजे आपल्या रतिलालजींचा जावई! रतिलालजी आणि मी स्थानकात एका ओळीत बसतो. त्यांना सांगितलं, तुमच्या जावयाच्या दुकानात आपल्याच माणसाला उंदीरवाला म्हणतात. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. संध्याकाळी रोनकचाच फोन. आवाज असा नरम की लोणी.

"काका, तुमचं काम म्हणजे घरचं काम. फक्त उंदीर लिहिला की मला फुकट करता येत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी आमच्याकडून वायरीचं कव्हर उघडं राहिलं, असं दाखवतो. पण मग कुणाच्या तरी नावावर टाकावं लागेल."

मी म्हटलं, "टाक ना, बेटा. कुणाच्याही नावावर टाक. मला माझी गाडी हवी."

गुलाबबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. "कुणाच्या नावावर काय?" म्हणाली. म्हटलं, ऑफिसच्या भानगडी, तुला काय करायचंय. जिंकलो!

१८ ऑगस्ट

गाडी मिळाली. आणि हे असं काही होईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सकाळी पेढे घेऊन गेलो होतो. सबाला द्यावेत असं मनात होतं. राग त्या दिवसापुरता, पोर तशी गुणी. तिच्या टेबलावर स्वप्नील नावाचा मुलगा बसलेला. त्याने किल्ली दिली, पेढा घेतला. म्हटलं, सबा रजेवर का? म्हणाला, "त्या आता नाहीत."

गुलाबबाई पुढे झाली. "नाहीत म्हणजे?"

त्याने आधी मालकाच्या केबिनकडे बघितलं. "तुमच्या गाडीची सर्व्हिसिंग त्यांच्या सहीने झाली होती ना, काकू. कव्हर त्यांच्यामुळे उघडं राहिलं असं निघालं. काढलं त्यांना."

माझ्या हातातला पेढ्यांचा खोका खाली पडला. खरंच पडला. मी म्हटलं, काढलं म्हणजे? तो म्हणाला, "काढलं म्हणजे काढलं, काका."

गाडी घेऊन परत निघालो. इंजिन छान चालत होतं, त्याचाच राग येत होता. धरणगावच्या अलीकडे गुलाबबाई म्हणाली, थांबवा. थांबवली. तिने पर्समधून ती चिंधी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. पांढरं कापड, कडेला निळा टाका.

"माझी मुँहपत्ती," ती म्हणाली. "घरी राहिलेली नव्हती."

मी बघत राहिलो. मग ते सगळं एकामागून एक डोक्यात आलं. रिकामा पिंजरा. धनसिंग सीटखाली वाकलेला आणि त्याला ओढून काढणारा मी. खुडबुड. खाकरे. आणि मी फोनवर छाती पुढे काढून सांगतोय, याच गाडीतून नेतो! कानाखाली कुणी जाळ काढावा तसं झालं. मी विचारलं, "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही चार माणसांत ओरडत होतात. तुम्हाला खाली बघायला लावायचं जिवावर आलं." मग म्हणाली, "मीच बोलायला हवं होतं. तिची नोकरी वाचली असती."

१९ ऑगस्ट

रोनकला फोन केला. म्हटलं, बेटा, उंदीर आमचाच होता. मीच गाडीत नेला होता. तो हसला. मला वाटलं होतं, त्याला धक्का बसेल. त्याला माहीतच होतं!

"काका, उंदीर कुणाचा ते मला पहिल्या दिवशी कळलं होतं. घरटं काय एका दुपारी होतं? आता विषय संपला. फाईल बंद आहे. उघडली तर सासऱ्यांना काय तोंड दाखवू? आणि तुम्ही काय दाखवाल?"

तो म्हणाला, सबाला कुठेही मिळेल काम, हुशार आहे. मलाही तसंच वाटतं. हुशार आहेच.

२० ऑगस्ट

पर्युषण सुरू झालं. मी अठ्ठाई करायचं ठरवलं, आठ दिवस फक्त गरम पाणी. या वयात सोपं नाही. मनाला शांत वाटलं. मुस्कान म्हणाली, पप्पा, एकदम एवढं कशाला? गुलाबबाई म्हणाली, "त्यांना करू दे. जेवण सोडणं सोपं असतं."

काय बोलते, कधी कधी कळत नाही.

२४ ऑगस्ट

गुलाबबाई आज धुळ्याला बसने गेली. गाडी दारात उभी, टाकी भरलेली, मी किल्ली घेऊन उभा. म्हणाली, या गाडीत मी बसणार नाही. मी म्हटलं, कंबर? म्हणाली, "माझी आहे, मी बघते."

संध्याकाळी परत आली ती दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून. मी विचारलं, महाराजसाहेब काय म्हणाल्या? आधी सांगेना. मग म्हणाली, "मी काही सांगितलं नाही तिला. तिने एवढंच विचारलं, ताई, चालत आलीस का, इतकी दमलीस?"

उपवासाचा आज पाचवा दिवस. अशक्तपणा असेल, पण मला रडू आलं.

२७ ऑगस्ट

संवत्सरी. आजच गणपतीही बसले, गावभर ताशे. दुकानासमोरच्या मंडळाच्या मूर्तीपुढे भलामोठा उंदीर मांडलाय, लाडू धरून. धनसिंग त्याच्याकडे बघून मला म्हणाला, "शेठ, हाऊ तुम्हना गाडीमाधला शे का?" त्याला मी कालच सगळं सांगितलं होतं. एरवी मी त्याला झापलं असतं.

संध्याकाळी प्रतिक्रमण झालं. वर्षभरात जाणता-अजाणता कुणाचं मन दुखवलं असेल तर क्षमा मागायची. मिच्छामि दुक्कडम्. घरी आल्यावर फोनवरून सगळ्यांना संदेश पाठवला, दरवर्षीसारखाच, हात जोडल्याच्या चित्रासह. नावं निवडत बसत नाही मी, सगळ्यांना एकदम जातो. व्यापारी, गिऱ्हाईक, रतिलालजी, रोनक, गॅसवाला. झालं.

२८ ऑगस्ट

सकाळी पारणं केलं. मुगाच्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. सबा. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, हे मी विसरलो होतो. कालचा तो संदेश तिलाही गेला होता.

तिने लिहिलं होतं, "नमस्कार काका. गाडी बरी चालते ना? क्षमा कशाबद्दल?"

वाटी खाली ठेवली. बाकी सगळ्यांची उत्तरं आली होती, तुम्हालाही, तुम्हालाही. कशाबद्दल, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. मी लिहिलं, तसं काही नाही, आमच्याकडे पद्धत असते. ते पुसलं. परत काहीतरी लिहिलं. तेही पुसलं. गुलाबबाई समोर बसली होती.

मग लिहिलं. उंदीर माझा होता. मीच तो गाडीत नेला, मीच हरवला. आणि कुणाच्याही नावावर टाक, असं रोनकला मीच म्हणालो. बेटा, तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. बोट अडखळत होतं, पण पाठवलं.

मला वाटलं, ती शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं.

मग आलं. जसंच्या तसं लिहितो.

"मला माहीत होतं काका. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं, याच गाडीतून नेतो म्हणून. ते मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. लिहिलं असतं तर वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी तुमची थट्टा केली असती. तुम्ही एका जिवाला वाचवायला गाडी काढली होती. त्यावर कुणी हसावं असं मला वाटलं नाही. काकूंना सलाम सांगा."

गुलाबबाईला वाचून दाखवलं. मग तिने फोन हातात घेऊन स्वतः वाचलं.

ती एक ओळ लिहिली असती तर ती आज तिच्या टेबलावर बसलेली असती. आणि मी तिला चार माणसांत खोटं ठरवलं. उंदराला काडीचा त्रास होऊ नये म्हणून पेट्रोल जाळणारा मी.

रतिलालजींना फोन केला. म्हटलं, मी जळगावला निघालोय. वायरिंगचं बिल माझं, आणि उंदीर माझा हे रोनकच्या हॉलात, तशाच चार गिऱ्हाइकांसमोर उभा राहून सांगणार आहे. रतिलालजी म्हणाले, प्रकाशचंद, माझी इज्जत जाईल. म्हटलं, माझी आधी जाऊ द्या. त्यांनी फोन ठेवला. आता स्थानकात एका ओळीत बसतील की नाही, माहीत नाही. रोनक तिला परत घेईल की नाही, तेही माहीत नाही. न घेतलं तर तिच्या घरी जायचं आणि दारात उभं राहायचं. पुढचं सुचत नाही.

गुलाबबाईने चप्पल घातली. मी म्हटलं, बसने जाऊ, तुला गाडी नको ना.

"आज गाडीनेच," ती म्हणाली. "ओरडायला गेलो तेव्हा बरोबर होते ना मी?"

किल्ली घेतली. मागून धनसिंग हाक मारत आला, हातात पिंजरा. आत एक मोठा उंदीर, दोन पायांवर उभा, आमच्याकडे बघतोय.

"शेठ, याले कोठे सोडू?"